किट कारवर फायबरची बॉडी बसवताना: फटी, बिजागऱ्या आणि मराठवाड्याचे ऊन

पाइपची चेसिस, मारुती ८०० चे ७९६ सीसी इंजिन आणि फायबरची दोन आसनी बॉडी, अशी एक किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच घेऊन स्वतः जोडलेली गाडी, मी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज परिसरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधली. इंजिन, ब्रेक आणि वायरिंग या कामांबद्दल विचारायला आपल्या भागात माणसे मिळतात, कारण गॅरेज जागोजागी आहेत. बॉडीची पॅनेल जुळवण्याबद्दल मात्र सांगणारे कोणी भेटले नाही आणि त्या एका कामात माझे आठ महिने गेले. त्यातले निम्मे तरी आधी केलेले काम सोडवून पुन्हा करण्यात गेले. हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्याचा तेवढा वेळ वाचावा, म्हणून मी ते क्रमाने लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. प्रेसमधून निघालेला पत्रा प्रत्येक गाडीला जवळपास सारखाच असतो, पण साच्यात हाताने मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) यांचे थर देऊन काढलेले फायबर तसे नसते. रेझिन घट्ट होताना आक्रसते, त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन दारांतही दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. असे फायबर ज्यावर बसवाल त्याचा आकार घेते. चेसिस तिरकी असेल तर बॉडी तिरकी बसते आणि बोल्ट आवळून तिला सरळ केले, तर तो ताण पुढे जेलकोटच्या, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराच्या, तड्यातून बाहेर पडतो. म्हणून सगळी पॅनेल एकाच वेळी सैल टांगायची, चूक किती आहे ते पाहायचे, ती सगळ्या फटींत थोडी थोडी वाटायची आणि मगच एखादे भोक पाडायचे. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी याच एका नियमासाठी आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी: कागदपत्रे आणि साहित्य

जुन्या गाडीचे इंजिन घेऊन नवी चेसिस बांधली म्हणजे जुन्या आरसीवर ती रस्त्यावर काढता येते, हा समज चुकीचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. नव्या नमुन्याच्या वाहनाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे अधिकृत चाचणी संस्थेकडून मान्यता लागते. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था आहे. माझी गाडी केवळ शेतातल्या खासगी रस्त्यावर आणि बंदिस्त ट्रॅकवर चालते. तुमचा विचार वेगळा असेल, तर किटचे पैसे भरण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयात जाऊन लेखी विचारणा करा. जुन्या गाडीची आरसी, इंजिन खरेदीची पावती, किटचे बिल, चेसिसचे मोजमापांसह रेखाचित्र आणि प्रत्येक टप्प्याची तारखेसह छायाचित्रे एका फाइलमध्ये ठेवा.

साहित्यापैकी बरेचसे गवंड्याकडे आणि सुताराकडे मिळते: पाण्याची पारदर्शक नळी, ओळंबा, लाइनदोरी, मोठा गुण्या, पाच मीटरचा टेप, सी-क्लॅम्प आणि प्लायवूडच्या ४, ५ व ६ मिमी जाडीच्या पट्ट्या. याशिवाय ड्रिल, जिगसॉ, लहान ग्राइंडर, ८० पासून ४०० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप आणि पॅकिंगची तपकिरी चिकटपट्टी लागेल. थर देण्यासाठी दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची मॅट, पॉलिएस्टर रेझिन, ते घट्ट करणारा हार्डनर, ब्रश आणि थर दाबण्याचा रोलर घ्या. डोळे पूर्ण झाकणारा चष्मा, धुळीचा मास्क आणि रेझिनच्या वाफेसाठी कार्बन काडतुसाचा मास्क या तीन वस्तूंवर काटकसर करू नका. आपल्याकडे कूलरच्या फायबर बॉडी आणि दरवाजे बनवणारे कारागीर आहेत. त्यांच्यापैकी एकाकडे दोन दिवस बसून थर कसा देतात ते पाहिलेत, तर वाचून कळणार नाही असे पुष्कळ काही हाताला कळते.

१. हंगाम निवडा

थर देण्याचे आणि फटी जुळवण्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा कालवलेले रेझिन ब्रश बुडवेपर्यंत घट्ट होऊ लागते. पावसाळ्यात मॅट दमट होते आणि दमट मॅटवरचे रेझिन नीट पिकत नाही. उन्हाळ्यात काम करणे भागच असेल तर पहाटे करा आणि हार्डनरचे प्रमाण खालच्या टोकाला ठेवा. सर्वसाधारणपणे १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम हार्डनर लागतो. एका ग्रॅमच्या खाली जाऊ नका, कारण मग थर कायमचा कच्चा राहतो. त्यापेक्षा एका वेळी थोडेच कालवा आणि पसरट भांड्यात ठेवा, कारण उंच डब्यातले रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापून धुमसू लागते.

एक इशारा जिवाशी संबंधित आहे. रेझिनला वेग देणारे कोबाल्टचे द्रावण आणि हार्डनर हे एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, त्यातून भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचे आणि हार्डनर नंतर घालायचा. बाजारात कोबाल्ट आधीच मिसळलेले रेझिनही मिळते, नवख्याने तेच घ्यावे. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. तसे झाल्यास डोळा वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धरून लगेच डॉक्टरांकडे जा.

२. पॅनेल आल्याबरोबर तपासा आणि भिंतीला टेकवून ठेवू नका

प्रत्येक पॅनेलच्या मागे विजेरी धरून समोरून पाहा. रंग न दिलेल्या फायबरमधून उजेड झिरपतो आणि त्यात हवेचे बुडबुडे किंवा रेझिन न पोचलेली कोरडी मॅट पांढुरकी दिसते. मग नाण्याने सर्वत्र हलके ठोका. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बद्द येतो. कडांजवळच्या आणि बिजागरीच्या जागेवरच्या पोकळ्यांवर खूण करा, कारण भार तिथेच येतो. हे दोष पुरवठादाराला पहिल्या आठवड्यातच छायाचित्रांसह कळवावेत. आपण पॅनेलला एकदा ग्राइंडर लावला की तक्रारीला अर्थ उरत नाही.

साठवणुकीबद्दल मी मोठी किंमत मोजली आहे. माझे बॉनेट एप्रिलमध्ये आले आणि चेसिसचे वेल्डिंग बाकी असल्याने मी ते शेडच्या पत्र्याला टेकवून ठेवले. जूनमध्ये ते चेसिसवर ठेवून पाहिले, तेव्हा त्याचा एक कोपरा १४ मिमी वर राहत होता. साच्यातून लवकर काढलेले फायबर पुढचे काही आठवडे पिकत असते आणि सर्वसाधारण पॉलिएस्टर रेझिन ६०-७० अंशांपुढे नरमू लागते. तापलेल्या पत्र्याशेजारी एका कडेवर उभे केलेले पॅनेल स्वतःच्याच वजनाने वाकते आणि तसेच पक्के होते. पॅनेल एक तर चेसिसवरच ठेवा, नाही तर प्लायवूड आणि फोमचे आधार करून ते गाडीवर ज्या स्थितीत बसणार त्याच स्थितीत सावलीत ठेवा.

३. चेसिस पातळीत घ्या आणि तिला भार द्या

आपल्या काळ्या मातीवरची जमीन स्थिर नसते, हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरची शहाबादी फरशी तिच्याबरोबर हलते. ऑगस्टमध्ये पातळीत घेतलेली माझी चेसिस मार्चमध्ये एका बाजूला ९ मिमी खाली होती. म्हणून जमिनीपासूनच्या उंचीवर कधीही विसंबू नका. पाण्याची नळी घेऊन चेसिसच्या चारही कोपऱ्यांवर पाणी एका रेषेत येईपर्यंत खाली पत्र्याचे तुकडे सारा आणि काम सुरू करण्याच्या प्रत्येक दिवशी ही तपासणी पुन्हा करा. शेडची फरशी घालणाऱ्या गवंडीमामांनी मला ही पद्धत दाखवली. बारा फुटांच्या अंतरावर ती हातातल्या छोट्या लेव्हलपेक्षा कितीतरी खात्रीची आहे.

त्यानंतर कर्ण मोजा. पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंतचे अंतर आणि त्याच्या उलटचे अंतर यांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर बॉडीला हात न लावता फॅब्रिकेटरकडे परत जा. फरक चालण्याजोगा असेल तर चेसिसच्या मध्यरेषेवर पुढून मागे लाइनदोरी ताणा आणि ती कायम ठेवा. पुढे डावे-उजवे जे काही मोजाल, ते बॉडीच्या दुसऱ्या कडेपासून न मोजता याच दोरीपासून ओळंबा सोडून मोजा.

गाडी चाकांवर उभी असावी, इंजिन आणि गिअरबॉक्स बसलेले असावेत आणि दोन्ही आसनांच्या जागी प्रत्येकी साधारण ७० किलोचा भार असावा. चार स्टँडवर रिकाम्या उभ्या केलेल्या चेसिसला एक बाक असतो आणि भार आल्यावर दुसरा. रिकाम्या चेसिसवर जुळवलेले दार इंजिन चढल्यावर घासू लागते.

४. क्रम: आधी टब, मग दारे, शेवटी बॉनेट

सर्वात सामान्य चूक म्हणजे पुढून सुरुवात करणे. बॉनेट देखणे असते आणि ते बसवले की गाडी दिसू लागते, त्यामुळे हात तिकडेच जातो. मीही तसेच केले आणि सगळी चूक मागे ढकलली जाऊन उजव्या दाराला पुढे २ मिमी तर मागे ११ मिमी फट आली.

योग्य क्रम असा आहे. आसनांभोवतीचा मधला भाग, म्हणजे टब, आधी चेसिसवर ठेवा. तो हलवता येत नाही असा एकमेव मोठा भाग आहे, म्हणून बाकी सगळे त्याच्याशी जुळवायचे. तो मध्यरेषेवर आणि पातळीत आला की क्लॅम्पने धरा, बोल्ट मारू नका. मग दारे लावा आणि त्यांची मागची कड टबशी जुळवा. दाराच्या पुढच्या कडेवरून पुढचे मडगार्ड ठरते, मडगार्डवरून बॉनेट आणि बॉनेटवरून दिव्यांच्या जागा. डिकीचे झाकण स्वतंत्र असते, ते कधीही करता येते.

फट किती ठेवावी, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझे उत्तर ५ मिमी आहे. कारखान्यातल्या गाडीसारखी ३ मिमीची फट ठेवण्याचा मोह टाळा. मॅटचे फायबर तापले की पोलादाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. १.२ मीटर लांबीचे दार जानेवारीच्या १० अंशांच्या पहाटेपासून मेच्या ४० अंशांच्या दुपारपर्यंत सुमारे १ मिमी वाढते आणि खालची चेसिस त्याच्या निम्म्याहूनही कमी वाढते. त्यावर रंगाचे थर आणि गाडीचे हलणे जमेस धरा. थंडीत अगदी नेटकी दिसणारी ३ मिमीची फट उन्हाळ्यात कडेचा रंग उडवते.

सगळी पॅनेल क्लॅम्प आणि चिकटपट्टीने जागेवर धरून फटींमध्ये प्लायवूडच्या पट्ट्या घाला. पट्टी जिथे अडकते तिथे खूण करा, जिथे सैल पडते तिथे आकडा लिहा आणि मग दहा पावले मागे जाऊन गाडीभोवती पूर्ण फेरी मारा. मोजमापात बरोबर असलेली ओळ डोळ्याला मोडलेली दिसत असेल तर डोळ्याचे ऐका, कारण समांतर दिसणारी ६ मिमीची फट ४ पासून ६ पर्यंत रुंदावत जाणाऱ्या फटीपेक्षा चांगली दिसते. दाराची कुलपाकडची कड मात्र मुद्दाम २ मिमी वर ठेवा. दार बिजागरीवर लोंबकळते आणि काच व कुलूप बसल्यावर ते तेवढे खाली येते.

५. कडा कापणे, कडा वाढवणे

कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावून टेपवरच पेन्सिलने रेषा आखा आणि तिच्या बाहेर ३ मिमी सोडून कापा. उरलेले पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा. साधे हॅक्सॉ पाते काचतंतूंमुळे काही मिनिटांत बोथट होते, म्हणून कार्बाइड किंवा डायमंड पाते घ्या. कापताना पाण्याचा बारीक फवारा मारत राहिल्यास धूळ बसते, मात्र विजेचे हत्यार पाण्यापासून जपा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि काम संपल्यावर अंग न चोळता थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने खाज वाढते.

फट मोठी राहिली तर रंगकामाची पुट्टी भरून कड वाढवणे हा सर्वांत मोहाचा आणि सर्वांत वाईट उपाय आहे. पुट्टीत तंतू नसतात, त्यामुळे दार चार वेळा आपटले की कड तुकड्याने निखळते. कड मॅटनेच वाढवली पाहिजे. त्यासाठी समोरच्या पॅनेलच्या कडेला तपकिरी चिकटपट्टी गुळगुळीत चिकटवा, कारण रेझिन तिला धरत नाही. जी कड वाढवायची तिचा आतून उतार घासा, ८० नंबरने खरवडा आणि ५ मिमीची पट्टी मध्ये ठेवून मॅटचे अरुंद तुकडे रेझिनमध्ये भिजवून आतून थर द्या. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की फट आपोआप समांतर मिळते. वरच्या बाजूला पुट्टी द्यायचीच, पण ती २ मिमीपेक्षा जाड नको.

६. वाकलेले पॅनेल सरळ करणे

वाक ५-६ मिमीपर्यंत असेल तर पॅनेल जागेवर क्लॅम्पने धरा, आतल्या बाजूने हॉट एअर गन फिरवत हाताला सोसवणार नाही इतके तापवा आणि क्लॅम्प न काढता रात्रभर थंड होऊ द्या. ते थोडे परत फिरते, म्हणून किंचित जास्त वाकवून धरावे लागते. त्याहून मोठा वाक, माझ्या बॉनेटसारखा, अशाने जात नाही. मी त्याच्या आतल्या बाजूने जेलकोटपर्यंत न पोचणारी एक लांब चीर दिली, कोपरा जागेवर दाबून धरला, चिरेच्या दोन्ही बाजूंना ५० मिमी रुंद उतार घासला आणि त्यावर ४५० ग्रॅम मॅटचे तीन थर दिले. चार दिवसांनी क्लॅम्प काढले तेव्हा कोपरा २ मिमीच्या आत आला होता आणि आजतागायत हललेला नाही.

७. भोके, बिजागऱ्या आणि बोल्ट

इथपर्यंत एकही भोक पाडलेले नसावे. आता जेलकोटच्या बाजूने, टेप लावून, धारदार ड्रिलने आणि फार दाब न देता भोके पाडा. आतून बाहेर ड्रिल केल्यास जेलकोटची खपली उडते. एम६ बोल्टसाठी ८.५ मिमीचे भोक ठेवा म्हणजे पॅनेलला सरकायला आणि प्रसरण पावायला जागा मिळते. भोक कडेपासून किमान २५ मिमी आत हवे. बोल्टखाली २५ ते ३० मिमी व्यासाची रुंद वॉशर आणि पॅनेल व चेसिस यांच्यामध्ये रबर घाला. वॉशर टेकल्यावर पाना अर्धा वेढा फिरवला की पुरे. नायलॉन असलेले नट वापरा, कारण आवळून धरण्याचे काम इथे नटाच्या पकडीने व्हायला हवे, फायबर चिरडून नव्हे.

पॅनेल आणि चेसिस यांत जागा राहत असेल तर ती शिमने, म्हणजे पातळ पट्टीने, भरा. बोल्टने पॅनेल खाली ओढू नका. मी मागच्या मडगार्डला एका जागी अशी ४ मिमी ओढ दिली होती आणि दोन महिन्यांनी त्या बोल्टभोवती चांदणीसारखे तडे उमटले. ते पुट्टीने झाकले तरी पुन्हा वर येतात. आतून खरवडून नवा थर द्यावा लागतो.

बिजागरीचा भार नुसत्या फायबरवर कधीही सोडू नका. बिजागरी टबच्या बाजूने थेट चेसिसच्या पाइपवर वेल्ड केलेल्या पट्टीला जोडलेली असावी. दाराच्या आत ३ मिमीची लोखंडी पट्टी ठेवून तिच्यावर, चहूबाजूंनी १०० मिमी पुढे जाईल असा मॅटचा थर द्यावा.

८. चाक पूर्ण वळवून, पूर्ण दाबून पाहा

ही पायरी बहुतेक जण रंगानंतर करतात आणि पहिल्याच खड्ड्यात मडगार्ड फुटते. सस्पेन्शनच्या स्प्रिंग काढा, जॅकने चाक बंप स्टॉपला, म्हणजे त्याची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर उचला आणि त्या स्थितीत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. टायर आणि फायबर यांच्यात कुठेही २५ मिमीपेक्षा कमी जागा राहता कामा नये. बॉनेट आणि इंजिनमध्येही तेवढीच जागा ठेवा, कारण रेस दिली की इंजिन माउंटिंगवर हलते. सायलेन्सरच्या पाइपपासून फायबर किमान ५० मिमी दूर असावे आणि मध्ये ॲल्युमिनियमचा आडोसा असावा.

९. रंगापूर्वी पूर्ण बॉडी उन्हात ठेवा

ज्या उन्हाने माझे बॉनेट वाकवले त्याच उन्हाचा इथे उपयोग होतो. सगळी पॅनेल योग्य जागी, सर्व बोल्ट हलके लावून, फटींत पट्ट्या ठेवून गाडी मार्च-एप्रिलमध्ये आठवडाभर उघड्यावर उभी करा. उरलेले रेझिन गाडीवरच्या आकारातच पिकते. जे काही आक्रसायचे ते रंगाआधी आक्रसते आणि पुढे रंगातून मॅटची वीण उमटून दिसण्याचा दोष बराच टळतो. रात्री दवापासून झाका. आठवड्यानंतर सर्व फटी पुन्हा मोजा. माझ्या डाव्या दाराची फट या आठवड्यात १.५ मिमी बदलली आणि ती तेव्हाच दुरुस्त करता आली.

१०. रंग आणि शेवटची जोडणी

पॅनेल काढण्यापूर्वी प्रत्येक शिम आणि वॉशर कोणत्या बोल्टखाली होती ते लिहून, त्या छोट्या पिशव्यांत क्रमांकासह ठेवा. पॅनेल सुटी करून रंगवा म्हणजे कडांच्या आतही रंग पोचतो, पण डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना ओव्हनचे तापमान ६० अंशांपुढे नेऊ नका आणि पॅनेल आधारावर आडवीच ठेवा, असे आधी स्पष्ट सांगा. शक्य तर फिकट रंग निवडा, कारण आपल्या मेमधल्या दुपारी गडद फायबर ७० अंशांच्या आसपास तापू शकते. जोडणी त्याच क्रमाने करा: टब, दारे, मडगार्ड, बॉनेट. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर प्रत्येक नट तपासा, कारण रबर दबते. पुढचा मे आणि पुढचा जानेवारी असे दोन टोकांचे महिने गेल्यावर फटी एकदा पट्टी घालून मोजा आणि ते आकडे फाइलमध्ये लिहून ठेवा.